हवा नको, यादी दाखवा

खरगे की थरूर? ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या मुक्ताईनगरच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद आठ दिवस चालला. निम्मी पोरं पुण्या-नाशकात नोकरीला, दोघं-तिघं आखातात, बाकीची गावातच. कुणी थरूरांच्या मुलाखतींना किती व्ह्यू आले ते टाकायचा, कुणी म्हणायचा तरुणांत हवा त्यांचीच, कुणी सांगायचा की दिल्लीला हवा तोच माणूस येणार, लिहून घ्या. चौथ्या दिवशी मी एक प्रश्न टाकला: मुक्ताईनगर ब्लॉकमधून या निवडणुकीत मत देणारा माणूस कोण आहे? ग्रुपवर ऐंशी जण. त्यात काँग्रेसच्या प्रत्येक सभेला सतरंज्या घालणारे आणि उचलणारेही होते. एकालाही नाव सांगता आलं नाही. मग कुणीतरी थरूरांच्या अवघड इंग्रजीवर एक विनोद टाकला आणि गाडी पुढे गेली.

१७ ऑक्टोबरला मतदान झालं, १९ तारखेला मोजणी. देशभरात मतदार होते सुमारे ९,९००. त्यातल्या ९,३८५ जणांनी मत दिलं. खरगेंना ७,८९७, थरूरांना १,०७२, बाद ४१६. म्हणजे ज्यांची 'हवा' होती त्यांना वैध मतांपैकी बारा टक्के मिळाली.

थरूर हरल्याचं मला दुःख नाही आणि खरगे जिंकल्याचा राग नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण म्हणजे खानदेशातली माझ्या वयाची आणि माझ्याहून लहान मुस्लिम पोरं-पोरी. आपण राजकारणावर क्रिकेटसारखं बोलतो. फॉर्म कुणाचा, लय कुणाची, पुढच्या मॅचला कोण चालेल. निवड समितीत कोण बसतं आणि तिला तिथे कुणी बसवलं, हे मात्र विचारत नाही. आणि टीम जाहीर झाली की ओरडतो: आपल्याला घेतलं नाही!

काँग्रेसची घटना हा काही गुप्त दस्तऐवज नाही. पाच रुपयांची पावती फाडून सदस्य होता येतं. सदस्यांनी आपल्या ब्लॉकमधून एक प्रदेश प्रतिनिधी निवडायचा. असे देशभरातले प्रदेश प्रतिनिधी म्हणजेच अध्यक्ष निवडणारे मतदार. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्यांच्यातूनच एक अष्टमांश अखिल भारतीय समितीवर जात. कागदावर हे सरळ आहे: मोहल्ल्यातल्या पाच रुपयांच्या पावतीपासून दिल्लीच्या अध्यक्षापर्यंत जिना आहे, पायऱ्या मोजता येतात.

प्रत्यक्षात पहिल्या पायरीलाच कुलूप आहे. ब्लॉकमध्ये निवडणूक झाल्याचं तुमच्या पाहण्यात कधी आलंय? नावं वरून येतात, 'एकमताने' ठरतात, आणि कुणाच्या एकमताने हे कुणी विचारत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात अनेक प्रदेश काँग्रेस समित्यांनी एका ओळीचे ठराव केले: प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे सदस्य नेमण्याचे अधिकार अध्यक्षांना. ज्यांना निवडण्याचा हक्क होता त्यांनीच तो हात जोडून परत केला.

त्याच महिन्यात पाच खासदारांनी पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाला पत्र लिहिलं. शशी थरूर, मनीष तिवारी, कार्ती चिदंबरम, प्रद्युत बोर्दोलोई आणि आसामच्या बारपेट्याचे अब्दुल खालेक. मागणी साधी होती: मतदार असलेल्या प्रतिनिधींची यादी उघड करा. उमेदवाराला मतदार कोण हेच माहीत नसेल तर प्रचार कुणाकडे करायचा? प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांचं उत्तर आलं की यादी प्रदेश कार्यालयांत पाहता येईल, उमेदवारांना मिळेल. सगळ्यांसाठी ती खुली झाली नाही. बारपेट्याच्या या खासदाराची सही आपल्या ग्रुपवर एकानेही फॉरवर्ड केल्याचं मला आठवत नाही. ती या संपूर्ण निवडणुकीतली आपल्या कामाची सर्वात मोठी बातमी होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखाद्या प्रणालीबद्दल वाद झाला की पहिला प्रश्न असतो, बदल करायचे अधिकार कुणाकडे आहेत? ज्याला फक्त पाहण्याची परवानगी आहे त्याने स्क्रीनकडे कितीही डोळे फाडून पाहिलं तरी आतला एक आकडा हलत नाही. हवेची चर्चा म्हणजे नुसती पाहण्याची परवानगी.

जुने आकडे काढले तर हेच दिसतं. १९९७ साली काँग्रेस अध्यक्षपदासाठी तिघं उभे होते. सीताराम केसरींना ६,२२४ मतं, शरद पवारांना ८८२, राजेश पायलटांना ३५४. ज्यांनी महाराष्ट्राचं राजकारण बोटावर नाचवलं त्या पवारांना देशभरातून नऊशेही मिळाली नाहीत. ते लोकप्रिय नव्हते असं कुणी म्हणेल का? मतदारयादी ज्यांच्या हातात होती त्यांच्याशी ते लढत होते. आणि गंमत अशी की सहा हजारांहून जास्त मतांनी निवडून आलेल्या केसरींना पुढच्याच मार्चमध्ये कार्यसमितीने बाजूला केलं. त्यासाठी प्रतिनिधींना पुन्हा विचारायची गरज कुणाला वाटली नाही. २००० मध्ये सोनिया गांधींना ७,४४८ आणि जितेंद्र प्रसादांना ९४. चौऱ्याण्णव! आमच्या ग्रुपवर त्याहून थोडीच कमी माणसं आहेत.

खरी लढत झाली ती १९३९ मध्ये. २९ जानेवारीला सुभाषचंद्र बोसांना १,५८० आणि गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्यांना १,३७७. फरक २०३ मतांचा. प्रतिनिधी प्रांतोप्रांतीचे होते, त्यांनी खरोखर मत दिलं आणि सगळ्या वडीलधाऱ्यांच्या मर्जीविरुद्ध निकाल लागला. पुढे काय झालं तेही लक्षात ठेवा. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. एप्रिलअखेर बोसांनी राजीनामा दिला. नुसती मोजणी जिंकून भागत नाही, हे त्या वर्षाने शिकवलं. पण मोजणी झाली म्हणूनच आज आपण सांगू शकतो की २०३ प्रतिनिधींचं बहुमत बाजूला सारलं गेलं. मोजणीच झाली नसती तर अन्याय झाला हेही सिद्ध करता आलं नसतं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर फैजपूर आठवा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, नेहरू अध्यक्ष होते. मुक्ताईनगरहून रावेर-सावद्याच्या वाटेने गेलं की फैजपूर. आमच्याकडचे म्हातारे आजही अभिमानाने सांगतात की आपल्या मातीत काँग्रेस बसली होती. चांगलं आहे. मग त्या मातीतल्या आजच्या ब्लॉकचा प्रतिनिधी कोण, तेवढंही सांगा.

आता अमेरिकेकडे येतो, कारण आपल्या ग्रुपवर तिथल्या डेलिगेटांचे आकडे जळगाव जिल्हा परिषदेपेक्षा जास्त फिरतात. तिथे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्या-राज्यात आधी मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. सर्वसामान्य मतदार तिथे मत देतो आणि मतांच्या प्रमाणात डेलिगेट ठरतात. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांची अट आहे, त्याखाली गेलात तर शून्य. राज्यं एकापाठोपाठ एक मतदान करतात, म्हणून तिथे हवेला खरा अर्थ आहे. आज एका राज्यात जिंकलात तर पुढच्या आठवड्यातल्या राज्याचा मतदार तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

२०२० चं उदाहरण घ्या. बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. टीव्हीवाल्यांनी त्यांना निकालात काढलं होतं. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनात मतदान झालं. तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीचे निम्म्याहून अधिक मतदार काळे आहेत. ते बायडनमागे उभे राहिले, आणि तीनच दिवसांनी एकाच दिवशी चौदा राज्यांत मतदान झालं त्यातली दहा बायडननी घेतली. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. एका अल्पसंख्य समाजाने उमेदवार ठरवला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कुणाला पाडायचं, हा त्यांच्यापुढचा दुसरा प्रश्न होता. पहिला प्रश्न त्यांनी फेब्रुवारीतच निकालात काढला होता.

आपल्या जास्त जवळचं उदाहरण मिशिगनचं. २७ फेब्रुवारी २०२४. गाझाच्या प्रश्नावर बायडनना धडा द्यायचा म्हणून तिथल्या अरब आणि मुस्लिम तरुणांनी प्रायमरीत 'अनकमिटेड', म्हणजे 'कुणालाच बांधील नाही' या पर्यायाला मत द्या, असा प्रचार केला. एक लाखाहून जास्त मतं पडली, सुमारे १३ टक्के. डिअरबॉर्न शहरात तर बायडनपेक्षा जास्त. राज्यभर १५ टक्क्यांची अट गाठता आली नाही, म्हणून ज्या मतदारसंघांत ती ओलांडली तिथूनच डेलिगेट मिळाले, फक्त दोन. मिनेसोटात अकरा मिळाले. देशभरात मिळून सुमारे तीस. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी एकच मागणी धरली, मंचावर एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला बोलू द्या. पक्षाने ती मान्य केली नाही.

म्हणजे ते हरले? त्या दिवशी हरलेच. पण त्यांची मतं किती, कुठल्या शहरातली, अट कुठे थोडक्यात हुकली, हे सगळं आकड्यांत नोंदलं गेलं. त्यांच्या नाराजीला पत्ता आहे. आपली नाराजी कुठे नोंदलेली आहे? चहाच्या टपरीवर, आणि 'नोटा'च्या आकड्यात मिसळलेली.

आणखी एक. २०१६ मध्ये सँडर्सच्या समर्थकांनी तक्रार केली की पक्षाचे नेते असलेल्या 'सुपर डेलिगेटां'ची मतं आधीपासूनच क्लिंटनबाईंच्या खात्यात दाखवून त्यांची हवा तयार केली जाते. त्यावर दोन वर्षं भांडण चाललं आणि २०१८ मध्ये नियम बदलला, पहिल्या फेरीत सुपर डेलिगेटांना मत नाही. आकडे उघड असल्यामुळे भांडायला काहीतरी हातात होतं. न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ च्या प्रायमरीत झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर कुओमोंना हरवलं तेव्हा आपल्याकडे मिठाई वाटल्यासारखे स्टेटस लागले. मुसलमान महापौर! पण पक्षाच्या मोठमोठ्या लोकांचा पाठिंबा कुओमोंना होता. ममदानींनी आधी पक्षाची परवानगी घेतली नाही, पक्षाच्या मतदाराचं मत घेतलं. ही पद्धत आपल्याकडे असती तर किती नावं पुढे आली असती, हा प्रश्न त्या स्टेटसखाली कुणी लिहिला नाही.

आपल्याकडे ही पद्धत एकदा येऊन गेली. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवायचा प्रयोग केला. मतदार पक्षाचे स्थानिक पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी होते, सामान्य सदस्य नव्हते. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात दत्ता मेघेंचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघंही लोकसभेला हरले आणि मेघे कुटुंब त्याच वर्षी भाजपमध्ये गेलं. वडोदऱ्यात नरेंद्र रावत मतदानाने उमेदवार ठरले होते. मग मोदी तिथून उभे राहणार असं जाहीर झालं आणि रावत बाजूला होऊन तिकीट कुणाला मिळालं? मधुसूदन मिस्त्रींना. तेच मिस्त्री, जे आठ वर्षांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे पंच झाले. मी हे कुणाची टर उडवायला सांगत नाही. अर्धवट केलेला प्रयोग पहिल्या पराभवानंतर गुंडाळला जातो, आणि तो गुंडाळला म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. आपणही नाही काढला.

आता घरी येऊ. आपल्या भागात तिकीट म्हणजे एबी फॉर्म. तो कुणाच्या खिशात आहे याची चर्चा अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारपर्यंत चालते. मुक्ताईनगरने २०१९ मध्ये हा खेळ अगदी जवळून पाहिला. १९९० पासून या मतदारसंघातून सतत निवडून येणारे एकनाथ खडसे. यादीत नाव नसताना त्यांनी अर्ज भरला. शेवटी पक्षाने त्यांना डावलून तिकीट दिलं मुलीला, रोहिणी खडसेंना. शिवसेनेतून बंड करून अपक्ष उभे राहिलेले चंद्रकांत पाटील ९१,०९२ मतं घेऊन जिंकले, रोहिणीताईंना ८९,१३५. फरक १,९५७. दोन-तीन बूथांची मतं! तीस वर्षांच्या नेत्याचं तिकीट कापताना तालुक्यातल्या एकाही भाजप कार्यकर्त्याचं मत मोजलं गेलं नव्हतं. अध्यक्षही त्या पक्षात मोजून ठरत नाही, बिनविरोधच येतो. खडसेंसारख्या माणसाची ही गत, तर तुम्ही-आम्ही कुठे?

आणि धुळे. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसने नाशिकच्या शोभा बच्छाव यांना तिकीट दिलं. 'बाहेरचा उमेदवार' म्हणून स्थानिक काँग्रेसमध्ये आरडाओरड झाली, राजीनामे झाले. निकाल लागला तेव्हा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या होत्या. याच मतदारसंघात येणाऱ्या मालेगाव मध्यने एकट्याने त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली होती. बाकीच्या पाचही विधानसभा क्षेत्रांतली पिछाडी या एका आघाडीने भरून काढली. मालेगावच्या मोमीनपुऱ्यातली, आझादनगरातली माणसं उन्हात रांगा लावून उभी राहिली म्हणून हा खासदार दिल्लीत गेला.

शोभाताई चांगल्या आहेत की वाईट, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की मत द्यायच्या दिवशी मालेगावची किंमत १ लाख ९४ हजार होती आणि उमेदवार ठरवायच्या दिवशी शून्य. त्याच निवडणुकीत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. नसीम खान यांनी प्रचाराची जबाबदारी सोडून जाहीर विचारलं की काँग्रेसला मुसलमानांची मतं हवीत, उमेदवार का नको? प्रश्न योग्य होता, वेळ चुकीची. एप्रिलअखेर तिकिटं वाटून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला वाटाण्याच्या अक्षताच मिळतात. राज्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण साडेअकरा टक्के. २८८ च्या विधानसभेत २०२४ ला आपले आमदार १०. दर वेळी निकालानंतर आपण ही तुलना छापतो आणि दर वेळी सुरुवात चुकीच्या टोकाने करतो.

इथे दोन-तीन उत्तरं ठरलेली आहेत, ती मला पाठ आहेत.

पहिलं: आत्ता हे प्रश्न नकोत, भाजप येईल. दहा वर्षं हेच ऐकतोय. ब्लॉक प्रतिनिधीची यादी मागितल्याने भाजप कसा येतो, हे मला कुणी समजावून सांगावं. यादी मागणारा माणूस मतदानाच्या दिवशी घरी बसत नाही, उलट तोच बूथवर सकाळी सातला हजर असतो. भीती दाखवून मत मिळतं, पण भीती दाखवून प्रश्न बंद करता येतात हेही नेत्यांना कळून चुकलंय.

दुसरं: आपली वेगळी पार्टी हवी. कुठली? एमआयएममध्ये आजोबा, वडील, मुलगा असा वारसा चालत आलाय, आणि औरंगाबादचं किंवा धुळ्याचं तिकीट सदस्यांच्या मतदानाने ठरल्याचं मी ऐकलेलं नाही. २०१९ ला धुळे शहरातून फारुख शाह निवडून आले तेव्हा आपण खूश झालो, २०२४ ला ती जागा गेली. मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख लढले, फरक १६२ मतांचा. दोन्हीकडे आपलेच लोक, दोन्हीकडे झेंडा आपला, आणि दोन्हीकडे उमेदवार कोण हे सामान्य सदस्याला विचारलं नाही. मालकाचा धर्म बदलला म्हणजे दुकान सहकारी सोसायटी होत नाही.

तिसरं उत्तर जरा वजनाचं आहे: सदस्य होऊन, प्रतिनिधी निवडून काय उपयोग, शेवटी ठरवणार वरच. वडोदऱ्याचा दाखला मीच वर दिलाय, त्यामुळे हे उडवून लावणार नाही. पण शिवसेनेचं काय झालं ते पाहा. २०२२ मध्ये पक्ष फुटला. दोन्ही गटांनी निवडणूक आयोगाकडे ट्रक भरून प्रतिज्ञापत्रं नेली. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. कशावरून? पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही, संघटनेतलं बहुमत ठरवायला भरवशाचा आधार नाही, म्हणून आमदार-खासदार मोजले. ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार. गावोगावच्या शाखाप्रमुखाचं, पोस्टर चिकटवणाऱ्या पोराचं वजन शून्य धरलं गेलं. आमच्या मुक्ताईनगरचे आमदार २०१९ ला अपक्ष निवडून आले, २०२२ ला शिंदेंसोबत गेले, २०२४ ला त्यांच्याच चिन्हावर जवळपास २४ हजारांनी जिंकले. पक्षांतर्गत निवडणुका खऱ्या झाल्या असत्या, यादी खरी असती, तर आयोगाला संघटना मोजावी लागली असती. वरचे ठरवतात, कारण खालची मोजणी अस्तित्वातच नाही. वरचे ठरवतात म्हणून मोजणी मागायचीच नाही, हा उलटा न्याय झाला.

कायदाही इथे पांगळा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षाची नोंदणी होते, संविधानावर निष्ठेची शपथ मागितली जाते. उमेदवार कसा निवडायचा यावर त्यात अक्षर नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही. म्हणजे बाहेरून कुणी येऊन दार उघडणार नाही. आतल्या माणसांनीच कडी काढायची.

आणि आतली माणसं म्हटलं की एक कडू गोष्ट. पक्षाकडे यादी मागणाऱ्या आपल्या समाजातल्या किती शिक्षण संस्थांची, किती मशीद ट्रस्टची सभासद यादी भिंतीवर लावलेली असते? वर्षानुवर्षं तीच सात नावं, एक वारलं की त्याचा मुलगा. मशवऱ्याची आपली जुनी परंपरा आपण भाषणात सांगतो आणि जुम्याला चंदा देणाऱ्याला हिशोब विचारू देत नाही. पक्षांनी आपल्याकडून शिकावं असं काही आपल्याजवळ उरलंय का, हे एकदा पाहायला हवं. शाळेच्या सोसायटीत गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडलेला पोरगा ब्लॉक काँग्रेसच्या बैठकीत 'एकमत' ऐकल्यावर गप्प बसणार नाही. ज्याने मतपेटी पाहिलेलीच नाही तो बसेल.

तेव्हा काम फार साधं आहे आणि थोडं कंटाळवाणं. तुमचा पक्ष कोणता ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. त्याची सदस्य नोंदणी निघाली की पावती घ्या, एकट्याने नको, मोहल्ल्यातून वीस-पंचवीस जणांनी मिळून घ्या, त्यात बहिणीही असू द्या, कारण या याद्यांमध्ये त्यांची नावं नवऱ्याच्या नावामागे शोधावी लागतात. मग ब्लॉक किंवा तालुका अध्यक्षाला लेखी विचारा: आमच्या तालुक्यात सदस्य किती? आमच्या वतीने प्रदेशावर मत देणारा प्रतिनिधी कोण? त्याची निवड कोणत्या तारखेला, कोणत्या सभेत झाली? नगरपंचायत असो, जिल्हा परिषद असो, उमेदवार ठरवायच्या बैठकीची तारीख सदस्यांना आधी कळवणार का? अर्जावर पोच घ्या. रावेर, यावल, भुसावळ, जामनेर, शिरपूर, प्रत्येक ठिकाणी पाच जणांनी हे केलं तर दोन महिन्यांत खानदेशाची एक वही तयार होईल: कुठे प्रतिनिधी आहे, कुठे नुसतं नाव आहे, कुठे तेही नाही. ती वही बनवायला मी सॉफ्टवेअर लिहून देतो, फुकट.

उत्तर आलं नाही तर तेही लिहून ठेवा, तारखेसकट. तिकिटाच्या मोसमात नेते मोहल्ल्यात येतील, मंडप लागेल, शेरवानी घालून कुणीतरी 'कौम की आवाज' वगैरे म्हणेल. भाषण संपलं की हा कागद त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, पोच घेतलेल्या अर्जाचं उत्तर कधी देताय.